पी६५ फाईल उघडेल का?

दिवाळी अंकांची कामं अंगावर आली की डीटीपीच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. कुणाला वीस वर्षांपूर्वीच्या कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती काढायची असते, कुणाला संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतला लेख पुन्हा छापायचा असतो. पेन ड्राइव्हवर फाईल असते. तिच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन ‘पी६५’ लिहिलेलं असतं आणि नव्या संगणकावर ती नुसती कोऱ्या कागदासारखी दिसते. दोनदा क्लिक केलं की विंडोज उलट विचारतं, ही कशात उघडू? मग दुकानदाराला विचारलं जातं, “पी६५ फाईल उघडेल का तुमच्याकडे?”

वसईचंच उदाहरण घ्या. वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला, वसंत नगरीला लागून असलेली एव्हरशाईन सिटी ही मुंबईतून सरकत आलेल्या मध्यमवर्गाची वस्ती. मागच्या बाजूला गोखिवरे, सातिवली, वालीवचे औद्योगिक गाळे. अशा वस्तीत डीटीपीचं काम एका प्रकारचं राहत नाही. लग्नपत्रिका, सत्यनारायणाचं आमंत्रण, सोसायटीचा वार्षिक अहवाल, गाळ्यातल्या कारखान्याची लेबलं, गणेश मंडळाचा फ्लेक्स, कवितासंग्रह, सगळं एकाच टेबलावर येतं. शिवाय वसई हा लिहित्या माणसांचा तालुका आहे. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथलेच, आणि त्यांनी दीर्घकाळ संपादित केलेलं ‘सुवार्ता’ हे मासिकही इथलंच. जिथे इतकं लिहिलं आणि छापलं गेलं, तिथे जुन्या फाईलीही तितक्याच साठलेल्या असतात. त्या उघडण्यासाठी महाराष्ट्रभरच्या डीटीपीवाल्यांनी शोधलेला उपाय एकच आहे: जुनं सॉफ्टवेअर काढून टाकायचं नाही. नवं शेजारी घालायचं आणि दोन्ही चालू ठेवायची.

बाहेरून पाहणाऱ्याला हा मागासलेपणा वाटतो. तो तसा का नाही, हे समजण्यासाठी त्या फाईलच्या आत डोकवावं लागतं.

‘पी६५’ म्हणजे पेजमेकर ६.५ ची फाईल. पेजमेकर मूळचं ॲल्डस या अमेरिकन कंपनीचं. जुलै १९८५ मध्ये ते मॅकिंटॉशसाठी बाजारात आलं आणि टेबलावर बसून पान लावण्याच्या या कामाला ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हे नाव कंपनीचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड यांच्यामुळे रूढ झालं. १९९४ मध्ये ॲल्डस ॲडोबीत विलीन झाली. ६.५ ही आवृत्ती १९९६ ची आणि ७ ही २००१ ची. सातच्या फाईलला ‘पीएमडी’ हे शेपूट असतं. तोवर ॲडोबीने १९९९ मध्ये इनडिझाईन काढलेलं होतं, आणि २००४ च्या जानेवारीत पेजमेकरचा पुढचा विकास थांबवल्याचं जाहीर झालं. म्हणजे पेजमेकर ७ नंतर नवं पेजमेकर आलंच नाही. तरीही महाराष्ट्रात ते त्यानंतर वर्षानुवर्षं चाललं, आणि कित्येक दुकानांत आजही चालतं.

याचं कारण फॉन्टमध्ये आहे.

पेजमेकरच्या काळात संगणकाला देवनागरी कळत नव्हती. त्याला २५६ खणांचा एकच तक्ता माहीत होता, आणि त्या खणांत रोमन अक्षरं, आकडे, चिन्हं बसवलेली होती. भारतीय कंपन्यांनी मार्ग काढला तो असा, की खण तेच ठेवायचे, पण फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा काढायचा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने श्रीलिपी केली, सी-डॅकने आयएसएम दिलं, बंगळूरच्या सायबरस्केपने आकृती आणलं. हिंदी पट्ट्यात क्रुतीदेव पसरला. प्रत्येकाने तुकडे आपापल्या सोयीने वेगवेगळ्या खणांत ठेवले. क्रुतीदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द पडद्यावर नीट दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच रोमन अक्षरं असतात. फॉन्ट बदलला की तीच पाच अक्षरं उघडी पडतात. श्रीलिपीत त्याच शब्दाची साठवण निराळी, आयएसएमच्या डीव्ही-टीटी सुरेखमध्ये आणखी निराळी. फाईलमध्ये मराठी नसतेच. मराठी फक्त फॉन्टमध्ये असते.

यातून पुढच्या सगळ्या अडचणी येतात. क्रुतीदेवमध्ये ‘कि’ लिहिताना आधी वेलांटीचा खण येतो, मग ‘क’चा, कारण डोळ्याला वेलांटी आधी दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकांच्या सामाईक अक्षरतक्त्यात, उच्चाराप्रमाणे आधी ‘क’ साठवला जातो, मग वेलांटी. रफाराचं याच्या उलट: तो डोक्यावर नंतर काढला जातो, पण उच्चारात आधी येतो. ‘श’ची गोष्ट आणखी नाजूक. क्रुतीदेवमध्ये अर्ध्या ‘श’साठी साधं एकेरी अवतरणचिन्ह वापरलेलं आहे आणि मागून काना जोडून पूर्ण ‘श’ होतो. आता हा मजकूर वर्डमध्ये टाइप होत असताना वर्डने सवयीप्रमाणे साध्या अवतरणाचं गोलाकार अवतरण केलं, तर ‘शाळा’, ‘शेत’, ‘देश’ हे सगळे शब्द बिघडतात. काही फॉन्टांनी अशा खणांतही अक्षरं ठेवली आहेत ज्यांना नवं सॉफ्टवेअर ‘न दिसणारा हायफन’ किंवा ‘न तुटणारी मोकळी जागा’ समजतं. जुन्या पेजमेकरने तो खण निमूटपणे छापला असता. नवं सॉफ्टवेअर शहाणपणाने तो लपवतं, आणि छापील पानावर ओळीतलं एक अक्षर नाहीसं होतं. प्रूफ वाचणाऱ्याच्या नजरेतून ते सुटलं तर वाचकाला वाटतं, लेखकाला शुद्धलेखन येत नाही.

म्हणून जुनं सॉफ्टवेअर राखणं ही आवड किंवा आळस नसतो. जुना मजकूर लिहिला तसा वाचता येण्याची खात्रीची जागा तीच आहे.

पण ती राखायची म्हणजे यंत्रासकट राखावी लागते. श्रीलिपी आणि आयएसएमच्या अनेक जुन्या आवृत्त्या हार्डवेअर लॉकवर, म्हणजे दुकानाच्या भाषेत डोंगलवर चालत. संगणकामागे तो छोटा ठोकळा लावलेला नसेल तर सॉफ्टवेअर सुरूच होत नसे. सुरुवातीचे डोंगल प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टला लागायचे. तो पोर्ट आता नव्या संगणकावर येत नाही. पुढे यूएसबी डोंगल आले, पण त्यांना लागणारे ड्रायव्हर जुन्या विंडोजसाठी लिहिलेले. खुद्द विंडोज एक्सपीचा मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांच्या काळातले प्रोग्रॅम चालतच नाहीत, त्यामुळे कधी कधी सॉफ्टवेअर चालण्याजोगं असतं, पण ते बसवणारा सेटअप जुन्या घडणीचा असल्याने पहिल्याच पायरीला अडतो.

यावर दोन तोडगे दिसतात. पहिला सरळ: जुना संगणक तसाच ठेवायचा, इंटरनेट तोडायचं, त्यावर फक्त पेजमेकर आणि श्रीलिपी. आधार संपलेली विंडोज नेटवर ठेवणं धोक्याचं, म्हणून तोडणं महत्त्वाचं. दुसरा तोडगा आभासी संगणकाचा: व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये एक्सपीची अख्खी प्रत नव्या संगणकाच्या पोटात चालवायची. यूएसबी डोंगल असेल तर तो त्या आतल्या संगणकाला जोडून देता येतो. पॅरलल पोर्टवाला असेल तर जमणं कठीण. याचा मोठा फायदा म्हणजे तो संपूर्ण जुना संगणक एका फाईलच्या रूपाने दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवता येतो. जुन्या यंत्राचा मदरबोर्ड एक ना एक दिवस जाणारच. फाईलची दुसरी प्रत असली की काम अडत नाही.

आता या दोन जगांमध्ये रोजची ये-जा कशी चालते ते पाहण्यासारखं आहे. लेखक आज मोबाईलवर लिहितो. मजकूर व्हॉट्सॲपवर किंवा ई-मेलने येतो तो युनिकोडमध्ये. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. तो मजकूर तिथे चिकटवला की प्रश्नचिन्हांच्या ओळी उमटतात. म्हणून ऑपरेटर आधी तो मजकूर परिवर्तकातून काढतो, म्हणजे युनिकोडचा श्रीलिपी करतो, मग पेजमेकरमध्ये ओततो, पान लावतो, पीडीएफ करतो. अंक छापून झाल्यावर लेखक म्हणतो, “माझा लेख फेसबुकवर टाकायचा आहे, मजकूर पाठवा.” मग उलटा प्रवास: श्रीलिपीचा पुन्हा युनिकोड. दोन्ही वेळा काही ना काही सांडतं. जोडाक्षरं, ‘ॲ’, अवतरणचिन्हं, आणि ‘दर्‍या’ व ‘दर्या’ यांच्यात फरक करणारा मराठीचा आडवा रफार, या जागा परिवर्तनात आधी तपासायच्या असतात. संपादकाने प्रूफात केलेल्या दुरुस्त्या पेजमेकरच्या फाईलमध्ये असतात आणि लेखकाकडच्या युनिकोड प्रतीत नसतात. त्यामुळे एकाच लेखाच्या दोन प्रती तयार होतात आणि पुढे पुस्तक करताना चुकीची हाती लागते. ज्यांनी पुस्तकं काढली आहेत त्यांना हे दुखणं ठाऊक असेल.

हे सगळं टाळायचं तर पान नव्या सॉफ्टवेअरमध्येच लावलं पाहिजे, आणि मराठीसाठी ती वाट खऱ्या अर्थाने उघडली २०१२ मध्ये. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. विंडोज २००० पासून देवनागरी विंडोजमध्येच आली आणि तिच्यासाठी ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. पण पान लावणाऱ्या व्यावसायिक सॉफ्टवेअरला ती नीट जुळवता येत नव्हती. इनडिझाईन सीएस६ मध्ये ‘वर्ल्ड रेडी कंपोझर’ भारतीय लिपींसाठी उपलब्ध झाला आणि वेलांट्या, जोडाक्षरं जागेवर बसू लागली. आजही परिच्छेदाला हा कंपोझर लावलेला नसेल, जुनाच ‘ॲडोबी पॅराग्राफ कंपोझर’ राहिला असेल, तर तोच युनिकोड मजकूर पाय मोडलेल्या अक्षरांनी भरलेला दिसतो. अनेकांनी नवं इनडिझाईन याच एका खटक्यापायी नाकारलं आणि पेजमेकरकडे परतले.

सीएस६ चं दुसरं महत्त्व जुन्या फाईलींसाठी आहे, आणि हे डीटीपीवाल्यांनी लक्षात ठेवावं. सीएस६ पर्यंतची इनडिझाईन पेजमेकर ६.० ते ७ च्या फाईली थेट उघडू शकतात. २०१३ मध्ये आलेल्या इनडिझाईन सीसीपासून ती सोय काढून टाकली गेली. म्हणजे आज पी६५ फाईलमधून आजच्या इनडिझाईनमध्ये यायचं तर मध्ये सीएस६ किंवा त्याआधीची एक आवृत्ती लागतेच. जुन्या फाईलीचं सीएस६ मध्ये रूपांतर करायचं, ती ‘आयडीएमएल’ म्हणून काढायची, आणि ती नव्या आवृत्तीत उघडायची. पानाचा आराखडा, परिच्छेदांच्या शैली, चौकटी बऱ्याच अंशी टिकतात. मजकूर मात्र अजून जुन्या फॉन्टच्या खणांतच असतो आणि त्याचं युनिकोड वेगळं करावं लागतं. या साखळीतला मधला दुवा निखळत चालला आहे. सीएस६ ची विक्री २०१७ मध्ये थांबली. मॅकवर तर ऑक्टोबर २०१९ च्या कॅटालिना प्रणालीने ३२ बिटांचे सगळे प्रोग्रॅम बंद केले, त्यात सीएस६ चं इनडिझाईनही गेलं. ज्या दुकानात परवान्याची सीएस६ बसवलेली आहे, त्याने ती काढून टाकू नये.

नव्याच्या आतही जुनं-नवं आहेच. क्रिएटिव्ह क्लाउडमध्ये, म्हणजे ॲडोबीच्या वर्गणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, दरवर्षी नवी आवृत्ती येते. अद्ययावत करताना ‘जुन्या आवृत्त्या काढून टाका’ असा एक पर्याय असतो आणि त्यावरची खूण आधी काढायची असते. ती राहिली तर चालू अंक ज्यात लावला जात होता ती आवृत्तीच निघून जाते. दोन्ही शेजारी ठेवल्या तरी धोका संपत नाही. फाईलवर दोनदा क्लिक केलं की ती बहुधा नव्या आवृत्तीत उघडते. इनडिझाईन शीर्षकात ‘कन्व्हर्टेड’ असं लिहून सावध करतं, पण घाईत तिकडे कुणाचं लक्ष जातं? एकदा नव्यात साठवली की जुनी आवृत्ती ती फाईल नाकारते. म्हणून जाणते ऑपरेटर आधी हवी ती आवृत्ती सुरू करतात आणि मग आतून फाईल उघडतात. ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

दोनशे पानांच्या अंकात आवृत्ती मध्येच बदलली तर काय होतं? अक्षरं जुळवणारी यंत्रणा बदललेली असू शकते. ॲडोबीने पुढच्या आवृत्त्यांत त्यासाठी हार्फबझ हे खुलं इंजिन आणलं. एखाद्या जोडाक्षराची रुंदी केसभर बदलली की ओळ दुसरीकडे तुटते. एक ओळ वाढली की परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटी जाते. लेख एका पानाने वाढला की समोरासमोर ठरवलेली जाहिरात मागे-पुढे होते आणि अनुक्रमणिका चुकते. जाहिरातदाराने उजव्या पानाचे पैसे दिलेले असतात. त्यामुळे ज्या आवृत्तीत अंक सुरू झाला त्याच आवृत्तीत तो संपवायचा, आणि नवी आवृत्ती दिवाळीनंतर शिकायची, असा शिरस्ता या धंद्यात आहे. तो अनुभवातून आलेला आहे.

जगातली सर्वात खर्चिक चित्रं काढणारेही असंच करतात. चित्रपटांच्या दृश्यपरिणामांचं काम करणाऱ्या स्टुडिओंसाठी ‘व्हीएफएक्स रेफरन्स प्लॅटफॉर्म’ नावाचा तक्ता दरवर्षी प्रसिद्ध होतो. त्या वर्षी कोणत्या मूलभूत घटकाची कोणती आवृत्ती धरायची ते त्यात ठरतं, जेणेकरून वेगवेगळी सॉफ्टवेअरं एकमेकांशी जुळून राहतील. ब्लेंडर हे मोफत त्रिमिती सॉफ्टवेअर २०२० पासून २.८३ या आवृत्तीपासून काही आवृत्त्यांना दोन वर्षं दुरुस्त्या पुरवतं, मोठं काम मध्येच हलू नये म्हणून. आणि ते झिप उलगडून कोणत्याही फोल्डरमधून चालतं, त्यामुळे चार आवृत्त्या शेजारी ठेवल्या तरी एकमेकींच्या पायात येत नाहीत. मार्च २०२५ मध्ये गिंप ३.० आलं तेव्हा २.१० मधली कित्येक जोडसाधनं त्यात चालेनात, तेव्हाही लोकांनी दोन्ही ठेवली. कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी २०१४ मध्ये दूरचित्रवाणीवर सांगितलं की ते इंटरनेट नसलेल्या डॉसच्या संगणकावर वर्डस्टार ४.० मध्ये लिहितात, आणि नेट व ई-मेलसाठी दुसरा संगणक वापरतात. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा लेखक आणि वसईतला पेजमेकरवाला, दोघांच्या टेबलाची मांडणी सारखीच.

खुद्द कंपन्यांनीही कधी कधी हाच सल्ला दिला आहे. फोटोशॉपमधल्या त्रिमिती सोयी काढून टाकताना ॲडोबीनेच, ज्यांना त्या लागतात त्यांनी २२.२ ही आवृत्ती ठेवावी, असं सुचवलं होतं. पण भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनं ठेवणं आपल्या हातात पूर्ण राहत नाही. २०१९ च्या मे महिन्यात ॲडोबीने क्रिएटिव्ह क्लाउडच्या ग्राहकांना कळवलं की काही जुन्या आवृत्त्या वापरण्याचा परवाना आता त्यांना नाही, आणि वापरत राहिल्यास तिसऱ्या पक्षाकडून दावे होऊ शकतात. वर्गणी भरणाऱ्याला चालू आणि तिच्या अगोदरची, अशा दोनच मोठ्या आवृत्त्या उतरवून घेण्याची सोय उरली. १९९६ च्या पेजमेकरची सीडी ज्याच्या कपाटात आहे त्याच्याकडे ते सॉफ्टवेअर आहे. वर्गणीच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत दहा वर्षांनी असं कपाट कुणाकडेच नसेल. म्हणजे आज इनडिझाईनमध्ये होणाऱ्या अंकांनाही उद्या हाच प्रश्न येणार आहे, आणि तेव्हा कोपऱ्यात जपलेला जुना संगणक मदतीला नसेल.

परवान्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलायला हवं. छोट्या दुकानांत विनापरवाना प्रती चालतात हे उघड गुपित आहे. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ६३-ब नुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्याचं कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला हानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत काढायची मुभा देतं. जुनी सीडी, तिचा अनुक्रमांक, खरेदीची पावती आणि डोंगल जपून ठेवणाऱ्याची बाजू त्यामुळे भक्कम राहते. महागडं सॉफ्टवेअर परवडत नसेल तर स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याच्या १.४ मालिकेत देवनागरी जुळत नसे, १.५.३ पासून ती सोय आली. स्क्रायबसही दोन आवृत्त्या शेजारी ठेवू देतं, आणि नव्यात साठवलेली फाईल जुन्यात उघडत नाही, हा नियम तिथेही आहे.

कोरलड्रॉची कथा वेगळी लिहावी इतकी मोठी आहे. फ्लेक्स, पत्रिका, स्टिकर, लेबल या कामांत महाराष्ट्रात कोरलच चालतं, आणि प्रत्येक गाळ्यात आवृत्ती निराळी. म्हणून फोनवर ऐकू येणारं वाक्य: “व्हर्जन डाऊन करून पाठव.” कोरलमध्ये साठवताना जुनी आवृत्ती निवडता येते, ही त्याची मोठी सोय. २०१२ च्या एक्स६ मध्ये अक्षरांची यंत्रणा बदलली, तेव्हापासून त्याआधीच्या फाईलीतला मजकूर नव्यात ‘जुना मजकूर’ म्हणून राहतो आणि अद्ययावत केला की ओळी हलू शकतात. ही झंझट नको म्हणून दुसरं वाक्य प्रचारात आलं: “कर्व्ह करून पाठव.” म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकायचं. फॉन्ट नसला तरी चालतं, आवृत्ती कोणतीही चालते, छपाई बिनचूक होते. पण त्या क्षणी मजकूर संपतो. कर्व्ह केलेल्या फाईलमधलं नाव शोधता येत नाही, बदलता येत नाही, त्याचं युनिकोड करता येत नाही. पत्रिकेच्या बाबतीत हरकत नाही. पण अनेकांनी स्मरणिकांची मुखपृष्ठंच नव्हे, आतली पानंही कर्व्ह करून ठेवली आणि मूळ फाईल पुसून टाकली. त्यातलं लेखन आता स्कॅन करून ओळखून घेण्याखेरीज उपाय नाही.

इथे या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा सुरू झाली. खिळे जुळवून छापलेले त्या काळातले अंक आज जीर्ण असले तरी कागद हातात धरून वाचता येतात, स्कॅन करता येतात. नव्वदच्या दशकापासून पुढची साधारण वीस वर्षं मराठीत जे छापलं गेलं ते संगणकावर जुळवलेलं आहे, म्हणजे अक्षर न् अक्षर टाइप झालेलं आहे. तरीही ते गुगलवर सापडत नाही, कारण ते ई-जे-के-बी-एच अशा रूपात पडून आहे. यात मोठ्या प्रकाशकांचं नुकसान तुलनेने कमी. त्यांच्याकडे माणसं आहेत, पैसा आहे. जातं ते गावोगावच्या छोट्या अंकांचं, ग्रामपंचायतींच्या स्मरणिकांचं, बोलीभाषेतल्या संग्रहांचं, शाळांच्या सुवर्णमहोत्सवी अंकांतल्या आठवणींचं. वसईसारख्या भागात, जिथे तीस वर्षांत शेतं आणि वाड्या जाऊन इमारती उभ्या राहिल्या, तिथे जुन्या गावाबद्दल लिहिलेलं बरंचसं अशाच पुस्तिकांत आहे. ३०० प्रती छापलेल्या पुस्तिकेची फाईल हीच कधी कधी तिची शेवटची धड प्रत असते.

छापील प्रत स्कॅन करून टेसरॅक्टसारख्या मोफत साधनाने मराठी ओळखता येते, आणि फाईल गेलेली असेल तर तोच मार्ग. पण फिकट शाई, पातळ कागदातून मागच्या बाजूची उमटलेली अक्षरं, अनुस्वाराचे ठिपके आणि छपाईचे डाग, यांत यंत्र गोंधळतं. मूळ फाईल असेल आणि फॉन्टचा तक्ता माहीत असेल, तर परिवर्तनातल्या चुका ठरावीक असतात. त्या एकदा ओळखल्या की सगळ्या पुस्तकभर एका झटक्यात दुरुस्त होतात. म्हणून जुनं सॉफ्टवेअर चालतं आहे तोवरच हे काम करून घेणं शहाणपणाचं.

काम तसं अवघड नाही, चिकाटीचं आहे. फाईल जुन्या यंत्रावर उघडायची, त्याच फॉन्टमध्ये आधी पीडीएफ काढायची, म्हणजे पान मुळात कसं दिसत होतं याचा पुरावा राहतो. मग मजकूर बाहेर काढून युनिकोड करायचा आणि त्या पीडीएफशी ताडून वाचायचा. वाचताना ‘ॲ’कडे लक्ष द्यावं. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर सुटा चंद्र ठेवलेला असतो आणि काही सॉफ्टवेअरांत तो ठिपक्यांच्या वर्तुळासह दिसतो. ‘ल’ आणि ‘श’ ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातल्या मराठी वळणाचे हवे असतील, तर ती वळणं असलेला फॉन्ट निवडून परिच्छेदाची भाषा ‘मराठी’ ठेवावी लागते. ‘हिंदी’ राहिली तर हिंदी वळण येतं. आणि फोल्डरमध्ये एक साधी टिपण-फाईल ठेवावी: कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, कोणता फॉन्ट, साल. पुढच्या माणसाला उलगडा होईल तो या चार ओळींमुळे.

दिवाळीनंतरचे काही आठवडे डीटीपीच्या दुकानांत तुलनेने निवांत असतात. लेखकांनी, संस्थांच्या सचिवांनी, छोट्या प्रकाशकांनी या दिवसांत आपल्या जुन्या सीडी आणि पेन ड्राइव्ह घेऊन जवळच्या, जुनं पेजमेकर अजून चालवणाऱ्या दुकानात जावं, आणि या कामाचे पैसे न घासता द्यावेत. दुकानदारांनी तो जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यातल्या फाईली ज्यांच्या आहेत त्यांना एकदा फोन करावा.